घरी किल्ट शिवताय? मग कापड किती औंसचं घ्यायचं ते आधी समजून घ्या

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला पोशाख, शिवायचा म्हटलं की सगळ्यांचं पहिलं लक्ष जातं रंगाकडे, म्हणजे कुठला टार्टन (स्कॉटिश चौकड्यांचं कापड), कुठल्या क्लॅनचा (घराण्याचा), निळा की हिरवा, आणि त्यात आठवडे जातात. मग ऑर्डर द्यायच्या वेळी वजन निवडायला सांगतात, १०, ११, १३, १६, कुठे कुठे १८ ते २२ औंस, आणि तिथे माणूस अर्ध्या मिनिटात काहीतरी निवडून मोकळा होतो. पहिल्यांदाच शिवणारा बहुतेक हलकं निवडतो. हलकं म्हणजे शिवायला सोपं, अंगावर थंड, आणि पैसेही थोडे कमी, असं वाटणं साहजिकच आहे. पण किल्टच्या बाबतीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा उलट्या निघतात, आणि रंग चुकला तर चालून जातं पण वजन चुकलं तर किल्ट किल्टसारखा पडतच नाही, म्हणून हे सगळं नीट, सावकाश लिहितोय.

आधी हे औंस म्हणजे काय ते बघू. १६ औंस म्हणजे एक वार लांबीच्या कापडाचं वजन, आणि पन्हा किती तर त्या कापडाचा पूर्ण पन्हा, जो आजकाल साधारण ५४ ते ६० इंच असतो. म्हणजे ठाणातून एक वार कापड कापलं, तराजूवर ठेवलं, तर १६ औंस, म्हणजे जवळपास ४५४ ग्रॅम भरेल. काही मिल मीटरवर आकडा देतात, तेव्हा हेच कापड ५०० ग्रॅमचं म्हणून दिसतं, १३ औंसवालं ४०० ग्रॅमचं आणि ११ औंसवालं ३४० ग्रॅमचं. औंसला ३१ ने गुणलं की एका मीटरचे ग्रॅम मिळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता इथेच एक मोठी गडबड होते. आपल्याकडे आणि इतर बऱ्याच ठिकाणी कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. आणि जीन्सचं डेनिम किंवा कॅनव्हास विकणारे औंसच म्हणतात पण त्यांचा औंस चौरस वारावर असतो! त्यामुळे १६ औंसचं टार्टन आणि १६ औंसचं डेनिम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब करून बघा, दीड मीटर पन्ह्याचं १६ औंस टार्टन म्हणजे साधारण ३३० जीएसएम, आणि १६ औंस डेनिम म्हणजे ५४० च्या वर. १० औंसचं कॅनव्हास घेतलं तर ते ३४० च्या आसपास येतं, म्हणजे १६ औंस टार्टनच्या बरोबरीचं. कुणी तुम्हाला सांगितलं की "अरे १६ औंस म्हणजे ताडपत्रीसारखं जाड", तर तो माणूस डेनिमचा आकडा डोक्यात धरून बोलतोय असं समजा. १६ औंसचं लोकरीचं टार्टन हातात घेतलं की चांगल्या हिवाळी सुटाच्या कापडापेक्षा थोडं जाड लागतं, बस.

जीएसएम काढायची सोपी रीत म्हणजे औंसला ३१ ने गुणा आणि मीटरमधल्या पन्ह्याने भागा. दीड मीटर पन्हा धरला तर १३ औंस म्हणजे २७० च्या आसपास, ११ औंस म्हणजे २२७, १० औंस म्हणजे २०७. पन्हा कमी असेल तर त्याच औंसचं कापड जास्त दाट असतं, म्हणून पन्हा विचारल्याशिवाय नुसत्या औंसवर विश्वास ठेवू नका. आणि एखादं कापड हातात आहे पण त्यावर काही लिहिलेलंच नाही, तर सरळ अख्खा तुकडा वजन करा, लांबी गुणिले पन्हा करून चौरस मीटर काढा आणि भागा. दोन मीटर लांब, दीड मीटर पन्हा, वजन ९९० ग्रॅम, झालं, ३३० जीएसएम.

आता वार. किल्टवाले ज्याला "आठ वारी किल्ट" म्हणतात त्याला प्रत्यक्षात आजच्या पन्ह्याचं चारच वार कापड लागतं, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक दुप्पट कापड मागवून बसतात. कारण असं आहे की जुन्या हातमागावर कापड जेमतेम २५ ते ३० इंच पन्ह्याचं निघायचं, आणि किल्टची उंची कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत तेवढीच असते, त्यामुळे आठ वार म्हणजे खरंच आठ वार लागायचे. आज दुप्पट पन्हा मिळतो, तर चार वार घ्यायचं, मधोमध लांबीत फाडून दोन पट्टे करायचे आणि ते एकाला एक जोडायचे, जोड एखाद्या चुणीच्या आत लपवायचा. दोन्ही पट्ट्यांचा विणलेला काठ खाली ठेवायचा आणि कापलेली कड वर कमरेकडे. यात एक पट्टा उलटा फिरतो पण बहुतेक टार्टनचा नमुना दोन्हीकडून सारखाच असतो म्हणून काही बिघडत नाही. मात्र काही मोजके टार्टन असे आहेत की ज्यांचा नमुना आरशात बघितल्यासारखा परत फिरत नाही, ते पहिल्या किल्टसाठी घेऊच नका.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं सगळं सांगितलं तिच्याकडे येऊ. किल्टला पुढे दोन सपाट पाट असतात, एकावर एक, आणि सगळ्या चुण्या मागे. समजा मागच्या बाजूला नितंबांवर २० इंच जागा आहे. आठ वार म्हणजे २८८ इंच, त्यातले पुढच्या दोन पाटांना आणि कडेच्या खोल घड्यांना साधारण ७० इंच गेले असं धरू, म्हणजे २१८ उरले, आणि ते सगळे तुम्हाला त्या २० इंचांत बसवायचेत. २१८ भागिले २०, म्हणजे सरासरी जवळपास ११ थर! तुम्ही खुर्चीवर बसता तेव्हा तुमच्याखाली कापडाचे ११ थर असतात. पाच वारी किल्ट केला तर १८० मधून ७० वजा, ११० भागिले २०, म्हणजे पाच-साडेपाच थर. चार वारी केला तर चारच्या आत.

म्हणजे किल्ट गरम होतो का, जड होतो का, कमरेला जाड दिसतो का, हे एकट्या औंसवर ठरत नाही, औंस आणि वार या दोघांच्या गुणाकारावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की निवड एकदम सोपी होते. १० औंसचं कापड घेऊन आठ वारी किल्ट केला तर चार गुणिले दहा, ४० औंस कापड लागलं, म्हणजे सव्वा किलोच्याही आत, साधारण ११३० ग्रॅम. आता १६ औंसचं कापड घेऊन पाच वारी केला तर अडीच गुणिले सोळा, परत ४० औंसच! कमरेवर वजन तेच. पण पहिल्यात ते वजन ११ पातळ थरांमध्ये वाटलं गेलंय आणि दुसऱ्यात पाच-साडेपाच भरीव थरांमध्ये, आणि दोघांच्या पडण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुण्यांची संख्या निम्मी झाली तर हाताने शिवायचं कामही निम्म्यावर येतं, ते वेगळंच. म्हणून हलकं हवं असेल तर औंस कमी करण्याआधी वार कमी करा, असं माझं ठाम मत आहे.

भारी कापड चांगलं पडतं म्हणजे नेमकं काय होतं? किल्टची चुणी वरून फक्त एक तृतीयांश शिवलेली असते. २४ इंच उंचीच्या किल्टला वरचे साधारण ८ इंच टाके असतात आणि खालचे १६ इंच पूर्ण मोकळे, फक्त इस्त्रीची घडी आणि कापडाचं स्वतःचं वजन एवढ्याच भरवशावर. चालताना टाच उचलली की चुण्या मागे फेकल्या जातात, आणि परत जागेवर कोण आणतं तर हेच वजन. जड कापडाची चुणी झुलते आणि आपली आपण घडीवर परत येऊन बसते, त्या झुलण्याला किल्टवाले स्विंग म्हणतात, आणि किल्ट घालणाऱ्या माणसाला मागून बघताना डोळ्यांना जे सुख मिळतं ते सगळं त्या झुलण्यात आहे. हलक्या कापडाला परत यायला वजनच नसतं, ते फडफडतं, चुण्या एकमेकींवर चढतात, वारा आला की वर उडतात. पैठणीच्या निऱ्या आणि जॉर्जेटच्या निऱ्या यात जो फरक आपण रोज बघतो, तोच हा. आणि स्कॉटलंडचा वारा ज्यांनी अनुभवलाय, एडिंबराच्या एखाद्या पुलावर पाच मिनिटं उभे राहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

लष्करी किल्ट म्हणूनच सगळ्यात भारी असायचे, १८ औंस आणि त्याहूनही वर, कारण सैनिकाला पावसात, चिखलात, दिवसभर त्यातच राहायचं आणि परेडवर रांगेतल्या सगळ्यांच्या चुण्या एकसारख्या झुलायला हव्यात. त्याआधीच्या काळात तर हायलँडमधले, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक अख्खं लांबच्या लांब कापडच अंगाला गुंडाळायचे, कमरेला पट्टा बांधून वरचा भाग खांद्यावर, रात्री तेच पांघरूण. १८ व्या शतकात त्याचा खालचा अर्धा भाग वेगळा झाला आणि छोटा किल्ट आला. १७४६ च्या कायद्याने तर हा पोशाखच बंद केला होता, फक्त सैन्यातल्या रेजिमेंट सोडून, आणि ती बंदी १७८२ मध्ये उठली. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, सर वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा सगळा थाट टार्टनमध्ये मांडला, आणि तिथून किल्ट हा समारंभाचा पोशाख झाला तो आजपर्यंत. हे मुद्दाम सांगतोय कारण सुरुवातीचे शिवलेले किल्ट हे आजच्यासारखे आठ वारी नव्हते, चार वारांच्या आसपासचे, रुंद बॉक्स प्लीटवाले (दोन्ही कडा आत दुमडलेल्या सपाट चुण्यांचे) होते. म्हणजे कमी वारांत भारी कापड ही काही पैसे वाचवायची आजची युक्ती नाही, ती चांगली दोनशे वर्षं जुनी रीत आहे आणि घरी शिवणाऱ्याने ती बिनधास्त वापरावी.

आता एकेका वजनाबद्दल. १६ औंस हे माझं सगळ्यात आवडतं. घडी धारदार बसते, सुरकुत्या रात्रभर टांगून ठेवलं की आपोआप जातात, पाइप बँडवाले (बॅगपाइप वाजवणारी पथकं) उघड्यावर तासन्‌तास उभे असतात तेही बहुतेक हेच वापरतात, आणि नीट ठेवलं तर पुढच्या पिढीला देता येतं. नवीन असताना थोडं कडक वाटतं, मग वापरून वापरून मऊ होतं. १३ औंस हे मधलं, आणि जे गरम हॉलमध्ये, लग्नात, नाचायला घालणार आहेत त्यांच्यासाठी अगदी योग्य, चुणीही व्यवस्थित पडते, आणि आठ वारी करायचाच असेल तर पहिल्यांदा शिवणाऱ्याने १३ घ्यावं, कारण १६ मध्ये आठ वार म्हणजे कापडच ६४ औंस, एक किलो आठशे ग्रॅम, आणि कमरेजवळ ते सगळं आवरणं हे सरावाचं काम आहे. १३ मध्ये तेच दीड किलोच्या आत येतं. १० आणि ११ औंस मी मोठ्या माणसाच्या किल्टला सुचवणार नाही. लहान मुलांच्या किल्टला ठीक, कारण त्यांची उंची कमी, चुण्या उथळ, आणि पोरगं दोन वर्षांत वाढणारच. बायकांच्या किल्टेड स्कर्टला तर ते उत्तमच, तिथे पडण्याची अपेक्षाच वेगळी असते. ८ औंसचं कापड स्कार्फ, शर्ट, ड्रेससाठी असतं, ते किल्टला नको म्हणजे नकोच. आणि १८ ते २२ औंस मिळालं तर चार वारी बॉक्स प्लीट करा, आठ वारीच्या फंदात पडू नका, ११ थर त्या जाडीचे इस्त्रीखाली दाबून बसवायला घरची इस्त्री पुरत नाही.

वजनाबरोबर एक गोष्ट लपून येते ती म्हणजे नमुन्याचा आकार. एकच टार्टन मिल वेगवेगळ्या वजनात विणते तेव्हा हलक्या कापडात धागा बारीक असतो, आणि धाग्यांची संख्या तीच ठेवली तर पूर्ण चौकड्याचा आकार लहान होतो. किल्टची प्रत्येक चुणी साधारण एक पूर्ण नमुना गिळते, तेव्हाच मागची बाजू पुढच्यासारखी दिसते किंवा सगळ्या चुण्यांवर एकच पट्टा उभा येतो. नमुना सहा-सात इंचाचा असेल तर चुणी छान खोल होते. तोच चार इंचाचा झाला तर चुणी उथळ, आणि उथळ चुणी हलक्या कापडात म्हणजे तिला झुलायला काही उरतच नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी "या वजनात सेट किती इंचाचा येतो" हे विचारा. सेट म्हणजे तो एक पूर्ण नमुना, मिलवाल्यांना हाच शब्द कळतो.

शिवणीच्या दृष्टीने काय? भारी कापड शिवायला अवघड असा समज आहे पण चुण्या किल्टला हाताने शिवतात, आणि हाताच्या शिवणीत १६ औंस खूप समजूतदार कापड आहे. टाका कापडात बुडतो, वरून दिसत नाही. चौकड्याच्या रेषा जुळवायच्या असतात, प्रत्येक चुणीवर आडवी रेषा शेजारच्या चुणीच्या रेषेला अगदी टोकाला टोक लागली पाहिजे, आणि भारी कापड जिथे ठेवाल तिथे राहतं. हलकं कापड बोटाखाली सरकतं, ताणलं जातं, टाका जरा घट्ट ओढला की चुरगळतं, आणि हे २५-२७ चुण्यांमध्ये थोडं थोडं साठत गेलं की शेवटच्या चुणीला रेषा पार खाली-वर झालेली असते. त्यामुळे हलकं ते सोपं हा हिशोब इथे मुळातच लागू पडत नाही. भारी कापडाची अडचण एकाच ठिकाणी, कमरेजवळ. तिथे चुण्या निमुळत्या करत आणल्यामुळे थर अजून वाढतात, म्हणून वरचा भाग शिवून झाल्यावर आतल्या बाजूने जादा थर कापून काढतात आणि तिथे कॅनव्हास लावून ती जागा परत मजबूत करतात, मग त्यावर सुती अस्तर. किल्ट बनवणारे कसबी लोक हे सगळं करतातच. अस्तर फक्त त्या वरच्या भागाला, खाली चुण्यांना अस्तर कधीही लावायचं नाही. पाच वारी १६ औंसमध्ये थरच कमी असल्याने हे कापायचं काम बरंच हलकं होतं, पहिल्या किल्टला हाही एक मोठा दिलासा आहे.

काठाचं विसरू नका, कारण वजनाइतकंच ते महत्त्वाचं आहे. किल्टला खाली दुमड घालत नाहीत. खास किल्टसाठी विणलेल्या कापडाला स्वच्छ, घट्ट काठ असतो, ज्याला किल्टिंग सेल्वेज म्हणतात, आणि तोच काठ खालची कड होतो. साध्या सुटिंगला किंवा फर्निशिंगच्या कापडाला कडेला झालर असते किंवा धागे सुटलेले असतात, मग खाली दुमड घालावी लागते, आणि ती दुमड प्रत्येक चुणीत दुप्पट होऊन येते. १६ औंसमध्ये तसं केलं तर खालची कड जाड होऊन चुण्या बाहेर फुगतात, झोपत नाहीत. म्हणून दुमड घालावीच लागणार असेल तर मग १३ औंसकडे या, किंवा वार अजून कमी करा.

वजन बरोबर घेतलं आणि सूत चुकीचं घेतलं तरी पंचाईत. लोकरीत दोन प्रकार, एक वर्स्टेड, ज्यात धागा विंचरून, सगळे तंतू एका दिशेला आणून पिळलेला असतो, गुळगुळीत आणि कणखर, आणि दुसरी साधी लोकर, ज्यातलं सूत फुगीर, केसाळ, ब्लँकेटसारखं. किल्टला वर्स्टेडच, तेही ट्विल विणीचं (तिरप्या रेषा दिसणारी वीण), दोनावर दोन, म्हणजे धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जाणारा. फुगीर लोकर १६ औंसची असली तरी घडी धरत नाही, एक बैठक झाली की मागे फुगा. लोकरीला घडी का बसते तर वाफ आणि उष्णता मिळाली की तंतूच्या आतले बंध थोडे सुटतात आणि थंड होताना, वाळताना नव्या आकारात परत जुळतात, आणि शिवाय लोकरीचा तंतू मुळातच स्प्रिंगसारखा, दाबला तर परत उभा राहतो. म्हणून इस्त्री करताना ओलं सुती फडकं वर ठेवून, दाबून, आणि पूर्ण थंड होईपर्यंत न हलवता. लोकर हवेतली वाफ आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही, त्यामुळे १६ औंस लोकर नाचताना वाटते तितकी कोंदट होत नाही.

पॉली-व्हिस्कोस हा दुसरा चांगला पर्याय, बहुतेक ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के व्हिस्कोस, घडी उष्णतेने पक्की बसते, मशिनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, आणि लोकर अंगाला टोचणाऱ्यांना तर हाच मार्ग. यॉर्कशरची मार्टन मिल्स यासाठी प्रसिद्ध आहे. यात मिळेल त्यातलं सर्वात भारी घ्या. ॲक्रिलिकपासून मात्र लांब राहा, गरम इस्त्रीखाली ते चमकायला लागतं, वितळू शकतं, आणि वजन चांगलं असलं तरी लोकरीचं झुलणं त्यात येत नाही. सुती ड्रिल किंवा कॅनव्हासचे खिसेवाले किल्टही लोक घालतात, सिएटलच्या युटिलिकिल्ट्सने ते लोकप्रिय केले, घरी शिवायला मशिनवर मस्त होतात, फक्त सुताला घडी टिकत नाही म्हणून प्रत्येक चुणीच्या कडेवर मशिनची टीप मारून घडी कायमची पक्की करावी लागते. त्यासाठी ८ ते १० औंस, पण तो चौरस वाराचा औंस, म्हणजे २७० ते ३४० जीएसएम.

भारतात बसून शिवायचा असेल तर? पुण्या-मुंबईच्या दुकानात ५८-६० इंची पन्ह्याचं सुटिंग भरपूर मिळतं, भिलवाड्याचं पॉली-व्हिस्कोस तर सगळीकडे, पण ते पँटसाठी विणलेलं असतं, बरंचसं २०० ते २५० जीएसएमच्या पट्ट्यात, म्हणजे टार्टनच्या भाषेत १० ते १२ औंस. शाळेच्या युनिफॉर्मच्या चेक्सचा मोह होतो, कारण दिसायला टार्टनसारखं, पण त्याचा चौकडा लहान आणि अंग हलकं, आणि काठही किल्टचा नाही. त्यापेक्षा २७० च्या वरचं हिवाळी सुटिंग शोधा, एकरंगी असलं तरी चालेल, एकरंगी किल्ट ही व्यवस्थित रूढ गोष्ट आहे, आयरिश पाइप बँडवाले केशरी एकरंगी घालतातच. एकरंगीत नमुना जुळवायची कटकटच नाही. चार वारी बॉक्स प्लीट करा, दीड मीटर पन्ह्याचं साधारण दोन मीटर कापड पुरतं. आपल्या हवेत ११ थर कशाला हवेत, चार पुरेत, आणि ते चार भरीव असू देत.

खरं टार्टन मागवणार असाल तर स्कॉटलंडमध्ये सेल्कर्कला लॉखकॅरन आणि डी. सी. डॅलग्लिश अशा जुन्या नावाजलेल्या मिल आहेत. आधी नमुन्याचे तुकडे मागवा, एकाच टार्टनचे १३ आणि १६ दोन्ही वजनांत. मोठा तुकडा मिळाला तर त्याच्या तीन-चार चुण्या करा, कच्चे टाके घाला, ओल्या फडक्याने इस्त्री करा, टाके उसवा आणि वरून चिमट्यात धरून रात्रभर टांगा. सकाळी घडी किती सरळ उभी आहे ते बघा, मग तो तुकडा हलवून सोडा आणि चुण्या किती झटकन बंद होतात ते बघा, एवढ्यावरून कळतं. तुकडा लहान असेल तर नुसता मुठीत चुरगळून सोडा, वर्स्टेड लगेच उघडतं.

ऑर्डर देताना मग इतकं स्पष्ट लिहा की वजन अमुक औंस, दुप्पट पन्हा, अडीच वार किंवा चार वार, किल्टिंग सेल्वेज दोन्ही काठांना हवा, आणि कापड मिलने फाडून पाठवायचं की अख्खं. पहिल्या वेळी अख्खंच मागवा, कारण फाडण्याआधी दोन्ही काठांपासून नमुना सारख्या अंतरावर सुरू होतो की नाही हे टेप लावून बघता येतं, आणि होत नसेल तर न फाडलेलं कापड परत पाठवायची निदान बोलणी तरी करता येतात. आणि अर्धा वार जास्त घ्या, नितंबांचं माप शिवेपर्यंत बदलू शकतं.